घासलेला रांजण

"नाही," मापुलेंग म्हणाली.

मोलेफीनं सुपातली ज्वारी परत पोत्यात ओतली आणि शेजारच्या पोत्यात हात घातला. ही ज्वारी जरा बारीक होती, रंगानं विटकरी. त्यानं मूठभर दाणे बायकोपुढे धरले. मापुलेंगनं डाव्या हातानं त्यातला एक उचलला, दाताखाली धरून फोडला आणि गप्प बसली.

गप्प म्हणजे हो, एवढं मोलेफीला आता कळायला लागलं होतं. उन्हाळा सरता सरता एका सकाळी मापुलेंग चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली. जिल्ह्याच्या इस्पितळातून घरी आली तेव्हा तिची उजवी बाजू गेली होती आणि जिभेवर एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही, मासेरू शहरातल्या कपड्याच्या कारखान्यातून मुलीचा, पुलेंगचा फोन आला आणि डोळे भरून आले तरी नाही. एके काळी जिच्या तोंडी लागायला गावप्रमुखसुद्धा बिचकायचा, तिच्यापाशी नेमका हाच शब्द उरावा याचं हा-सेओला गावात कुणाला नवल वाटलं नाही. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला हाच शब्द ऐकवत आलीय, असं लोक म्हणत. मोलेफीही म्हणे, आणि वर स्वतःच हसे.

तेव्हा कामाची रीत अशी पडली, की मोलेफीनं विचारत जायचं आणि नाही यायचं थांबलं की ते करायचं. अशा रीतीनं माणसानं चहा करावा, फार तर मक्याच्या पिठाचा घट्ट पाप शिजवावा. मोलेफी निघाला होता बियर करायला.

आमच्याकडे बियर बायका करतात. पुरुषांना गुरांचा गोठा आणि झाडाखालची बैठक, बायकांना चूल आणि रांजण. मोलेफीचं अर्धं आयुष्य सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत गेलं. तिथून तो एक पत्र्याची ट्रंक आणि एक खोकला घेऊन परत आला. बियर प्यायची कशी एवढंच त्याला माहीत होतं, ते मात्र चांगलं माहीत होतं. आणि ज्याच्या घरात मापुलेंगची बियर होते त्याला याहून अधिक माहिती हवी तरी कशाला? तिच्या दारातल्या काठीवर पांढरं फडकं चढलं, की सेंकू नदीपलीकडची माणसं गुडघाभर पाण्यातून यायची. तिची बियर दाट असायची, आंबट असायची, आणि पिऊन उठलेला माणूस भांडायच्या ऐवजी गायला लागायचा. असं बाकी कुणाच्या बियरचं व्हायचं नाही.

आता गरज पडली होती ती नदीकाठच्या शेतामुळे. कापण्या उरकल्या की गावप्रमुख दवंडी देतो आणि सगळ्या गावाची गुरं शेतांत सोडतात. मग ताटं कुणाची, कणसं कुणाची, गाईंना काही कळत नाही. यंदाची दवंडी देऊन झाली होती. चंद्र संपला की गुरं सुटणार होती, आणि साऱ्या नदीकाठाला एकट्या मोलेफीची ज्वारी उभी होती. एवढं रान एकट्यानं कापणं धडधाकट माणसालाही झेपलं नसतं, आणि मोलेफीला चार कणसं कापली की धाप लागायची. अशा वेळी माणूस गावाला बोलावतो. गाव विळे घेऊन येतं, दिवसभरात रान मोकळं करतं, आणि संध्याकाळी तो माणूस गावाला बियर पाजतो. कुणी कुणाचे उपकार मानत नाही. बियर चांगली असली तर पुढच्या वर्षी न बोलावताही येतात.

लेबोना हा मोलेफीचा लहानपणापासूनचा दोस्त. एक दिवस तो दारात आला आणि मोकळ्या मनानं म्हणाला, "बियरचं काय घेऊन बसलास? आम्ही येतो की तशीच. मापुलेंगची अवस्था काय आम्हाला दिसत नाही?"

आतून 'नाही' आलं. एवढ्या जोरात आलं, की लेबोनाचं कुत्रं उठून उभं राहिलं.

लेबोना गेल्यावर मोलेफी बराच वेळ दारातच बसून राहिला. लेबोनाच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं, आणि तेच त्याला लागलं होतं. लोक विळे घेऊन येतील, मान खाली घालून कापतील, आतल्या बाईबद्दल हळू आवाजात बोलतील आणि जातील. ज्या बाईच्या रांजणापुढे गाव रांगेत बसायचं, तिच्या शेतावर गाव दया करायला येईल. त्यापेक्षा गुरांनी खाल्लेलं बरं, असं मापुलेंगला वाटत होतं हे त्याला न सांगता कळलं. त्यालाही तसंच वाटत होतं. पुलेंगनं फोनवर सुचवलं, की बाबा, दुकानातून बाटल्यांचे क्रेट आणा आणि मोकळे व्हा. त्यावर आईनं आपला शब्द ऐकवला आणि बापानं फोन ठेवला. मग त्यानं सूप उतरवलं.

ज्वारीला मोड आणायचे म्हणजे भिजवून पोत्यात घालून ठेवायची, एवढं त्याला ऐकून ठाऊक होतं. जितके लांब मोड तितकी चांगली बियर, असा हिशेब त्यानं आपल्या मनानंच केला. चांगले बोटभर हिरवे कोंब फुटेपर्यंत तो पोत्याला पाणी घालत राहिला आणि मग कौतुकानं दाखवायला घेऊन आला. "नाही." ते कोंबड्यांना गेले. दुसऱ्या खेपेला जूनच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या थंडीनं दाणे फुगून नुसतेच बसून राहिले. "नाही." तेव्हा त्यानं पोतं चुलीशेजारी उबेला ठेवलं, रोज पहाटे त्यात हात घालून बघितलं, आणि दाण्याला उंदराच्या शेपटीसारखं पांढरं टोक आलं त्या सकाळी मापुलेंग गप्प बसली. त्यानं ती ज्वारी अंगणात उन्हाला पसरली आणि वाळेपर्यंत चिमण्या हाकत बसला.

नंतर दळण आलं. घरातल्या पाट्यापुढे मोलेफी जन्मात पहिल्यांदाच गुडघे टेकून बसला. पाण्याच्या नळाकडे जाणाऱ्या बायकांना हे नाटक फुकटात बघायला मिळालं.

"न्ताते मोलेफी," त्यातली एक फाटकातून म्हणाली, "एप्रन बांध की. मग जमेल."

"एप्रन तुझ्याकडूनच मागून आणतो, म्मे," मोलेफी म्हणाला. "तू तरी कुठं वापरतेस?"

बायका खिदळत गेल्या. पण त्या गेल्यावर मोलेफीनं वरवंटा थांबवून पाट्याकडे नीट पाहिलं. मधोमध तो इतका झिजला होता, की त्यात वाटीभर पाणी राहिलं असतं. त्याच्या आईनं झिजवला होता, आणि पुढे अर्ध्याच्या वर मापुलेंगनं. खाणीतून दरमहा पाकीट पाठवायचं, म्हणजे घर आपणच चालवतो, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. गुडघे ठणकायला लागल्यावर घर खरं कुणी चालवलं ते त्याला पहिल्यांदा नीट समजलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं दळण पुरं केलं.

घोळ झाला तो रांजणाचा. घराच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून, तोंडावर सूप झाकलेला हा रांजण उभा असे. मापुलेंगनं त्याला दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नव्हता. मोलेफीनं सूप काढून आत डोकावलं आणि नाक धरलं. आत काळपट खरकटं बोटभर जाडीनं चिकटून बसलेलं, आणि त्याला आंबूस वास. बिचारी पडली त्या दिवशी धुवायचा राहून गेला असणार, असं त्याच्या मनात आलं. खाणीच्या वसतिगृहात त्यानं भांडी घासायची पाळी कितीदा तरी केली होती. त्यानं रांजण ओढ्यावर नेला, सुरीनं खरवडला, राखेनं घासला, वाळूनं घासला, आणि शेवटी उकळतं पाणी ओतून खंगाळला. भाजलेली लाल माती आतून लखलखीत दिसायला लागली तेव्हाच थांबला. मग दहा ठिकाणी टेकवत, धापा टाकत तो रांजण आणून उन्हात बसलेल्या मापुलेंगपुढे ठेवला.

मापुलेंगनं डावा हात आत घातला. चहूबाजूंनी फिरवला. बाहेर काढून बोटांचा वास घेतला. मग ती काहीच बोलली नाही.

मोलेफीनं ते हो समजलं. खाणीतलं एक जुनं गाणं गुणगुणत त्यानं चूल पेटवली. मापुलेंग तोंडावरून ब्लँकेट ओढून भिंतीकडे वळली होती, ते त्यानं पाहिलं, पण उन्हाचा त्रास होत असेल म्हणून सोडून दिलं.

ज्वारीच्या पिठाची आंबील त्यानं गोवऱ्यांच्या मंद आचेवर शिजवली, कोमट होऊ दिली, मोडाचं पीठ घालून रांजणात ओतली आणि रांजणाला आपलं सणाचं ब्लँकेट गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी कान लावला. रांजण मुका. त्याच्या पुढच्या दिवशी वर एक साय धरली आणि आतून ओल्या पिठाचा वास आला. पीठ आणखी घालू? नाही. ऊब कमी पडली? नाही. पाणी जास्त झालं? नाही. शेवटी मोलेफी तिच्यापुढे फतकल मारून बसला आणि म्हणाला, "मग काय केलं मी? दाखव तरी."

मापुलेंगनं डावा तळवा हवेत गोल गोल फिरवला, राखेनं भांडं घासावं तसा. मग एक बोट त्याच्या छातीवर टेकवलं.

"घासला म्हणून?"

ती गप्प राहिली.

मोलेफी ही गोष्ट लपवून ठेवू शकला असता. पण खरं काय ते त्याला कळून घ्यायचं होतं, म्हणून तो नळावर गेला आणि बायकांना विचारलं. बायका इतक्या हसल्या, की बादल्या भरून वाहायला लागल्या. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी होती ती हसायची थांबली. ती म्हणाली, "अरे बाबा, बाई मेली तरी तिचा रांजण कुणी घासत नाही. विरजण त्या खरकट्यातच असतं. मापुलेंगला तो रांजण तुझ्या आईनं दिला, तुझ्या आईला तिच्या सासूनं. त्या सगळ्यांचं विरजण तू ओढ्यात सोडून आलास."

मोलेफी घरी आला तो गोठ्याच्या भिंतीआड जाऊन बसला. आई गेली तेव्हा तो खाणीत होता, पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. आईच्या हातचं काही आपल्या घरात अजून जिवंत आहे, हे त्याला ते मारून टाकल्यावर समजलं. तो रडला. खोकल्याचं निमित्त सोबत होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

पण नुसतं रडून शेत कापलं जात नाही. विरजण हवं होतं, आणि ते जित्या बियरमधूनच मिळतं. अशा कडाक्याच्या थंडीत गावात एकाच दारावर पांढरं फडकं होतं, खाली रस्त्याला लागून असलेल्या केनेवेच्या. केनेवे नवऱ्याला सोडून माहेरी परत आलेली, स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली बाई. मापुलेंगचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं वैर. केनेवेनं एकदा बियर लवकर चढावी म्हणून तीत दुकानातली साखर आणि पुडीचं यीस्ट घातलं होतं. मापुलेंग तिच्या दारात गेली, एक घोट घेतला, आणि बसलेल्या साऱ्या पुरुषांसमोर उरलेलं ओगराळं जमिनीवर ओतून निघून आली. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहत नव्हत्या.

मोलेफी गवताची टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिला. केनेवेनं त्याला गिऱ्हाइकांदेखत सगळी हकिकत सांगायला लावली आणि मगच विचारलं, "तिनं पाठवलंय तुला?"

"तिला माहीतसुद्धा नाही."

"म्हणजे चोरून नेणार. नवरा-बायकोच्या भानगडीत माझं विरजण कशाला नासवू?" असं म्हणत तिनं रांजणाच्या तळाशी हात घालून कडीच्या डब्यात दाट गाळ भरला. मोलेफीनं हात पुढे केला, पण तिनं डबा दिला नाही. ब्लँकेट खांद्यावर टाकून टाचणी लावली आणि गिऱ्हाइकांना तसंच बसवून ती चढणीला लागली. मोलेफी धापा टाकत तिच्या मागोमाग.

शेणानं सारवलेल्या जमिनीवर, मापुलेंगच्या बरोबर समोर, केनेवे मांडी घालून बसली.

"नाही," मापुलेंग म्हणाली.

"आधी शंभर शब्दांत हाकलायचीस, आता एकातच उरकतेस," केनेवे म्हणाली. "बरं झालं, माझा वेळ वाचला. हे बघ, यात साखर नाही, पुडी नाही. त्या दिवसानंतर मी कधी घातली नाही, तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. तू माझी बियर पुरुषांदेखत ओतलीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आज हीही ओतायची असेल तर ओत. पण शेत तुमचं आहे, माझं नाही." आणि तिनं डबा पुढे सरकवला.

मापुलेंगनं डब्याची कडी डाव्या हातात घेतली आणि डबा उचलला. आता ती ओतणार असं मोलेफीला वाटलं. सांडलेला गाळ गोळा करायला काही सापडतंय का म्हणून त्याची नजर घरभर फिरली. मापुलेंगनं डबा नाकाशी धरला. मग तो मांडीवर ठेवून त्यात एक बोट बुडवलं, चाटलं, आणि तोंड जरासं वाकडं केलं. केनेवे तिच्या ओठांकडे बघत होती, पण शब्द आला नाही. मापुलेंगनं डबा पुन्हा उचलला आणि हात पुरेल तितका लांब करून रांजणाच्या बुडाशी ठेवला.

"हो म्हणतेय," मोलेफी घाईघाईनं म्हणाला.

"मला कळतं," केनेवे म्हणाली. तिनं डोळे पुसले, आणि गिऱ्हाइकं फुकट ढोसत बसली असतील म्हणून उठून गेली.

मोलेफीनं जुनी आंबील कोंबड्यांपुढे टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी कोमट म्हणजे किती कोमट, हे त्यानं विचारलं नाही. मापुलेंगनं आपणहून आंबिलीत करंगळी बुडवली आणि दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा हात काढून घेतला. विरजण घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रांजण बोलायला लागला. आत कुणी बारीक आवाजात कुजबुजत असावं, तसा तो आवाज होता. मोलेफीनं मापुलेंगला उचलून आणलं आणि दोघं रांजणाच्या दोन बाजूंना कान लावून बसली. गवताच्या लांबट गाळणीतून बियर पिळून काढताना त्याची अर्धी बाही भिजली आणि थोडी बियर जमिनीवर सांडली. मापुलेंगनं एक हुंकार दिला. तो हसण्याचा होता.

कापणीच्या दिवशी उजाडता उजाडता फाटकाशी लेबोनाचा आवाज आला. "बियर किती आहे ते आधी सांग. मग विळा काढतो."

मोलेफीनं रांजणावरचं सूप उचलून दाखवलं. लेबोनानं वाकून वास घेतला, भुवया उडवल्या, आणि मागच्या लोकांना हात केला. दया करायला आलेला माणूस असं विचारत नाही.

गाव आलं. केनेवेही आली, आपला विळा घेऊन. बायका गात कापत होत्या, पुरुष कणसांच्या टोपल्या वाहत होते, आणि डोंगराच्या उतारावर गुरं आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. उन्हं कलायच्या आत रानात नुसती ताटं उरली. माणसं अंगणात येऊन बसली, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. भिंतीला टेकून, ब्लँकेटात लपेटलेली मापुलेंग. तिच्या पुढ्यात रांजण.

आमच्याकडे जिनं बियर केली तिनं पहिला घोट घ्यायचा, सर्वांच्या देखत. आत काही बरंवाईट नाही आणि ही माझी आहे, अशी ती कबुली असते. त्याआधी कुणी तोंड लावत नाही. तेव्हा सगळे थांबले होते. मोलेफीनं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. मोडापासून गाळणीपर्यंत राबला तो याच क्षणासाठी. आज संध्याकाळी गावानं मापुलेंगची बियर प्यायली पाहिजे होती. त्यानं भोपळ्याचं ओगराळं रांजणात बुडवलं, दोन्ही हातांनी धरलं, बायकोपुढे गुडघे टेकले आणि ते तिच्या ओठांजवळ नेलं.

"नाही," मापुलेंग म्हणाली.

ती हळू म्हणाली, पण अंगण इतकं शांत होतं, की शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. मोलेफीला वाटलं, आंबट झाली असेल. त्यानं ओगराळं पुन्हा पुढे केलं. तेव्हा मापुलेंगनं ब्लँकेटातून डावा हात बाहेर काढला, ओगराळ्याची कड धरली आणि ती सावकाश फिरवून त्याच्याकडे केली.

"तुझी आहे ही?" त्यानं विनवणीच्या सुरात विचारलं. "मापुलेंग, तुझीच ना?"

"नाही."

मोलेफी प्यायला. बियर पातळ होती, आणि तिच्या बियरहून आंबट. पण बियर होती. लेबोना काहीतरी चेष्टेचं बोलला, बायकांनी किलकाऱ्या केल्या, केनेवेनं स्वतःचं ओगराळं पुढे केलं. मोलेफीचं कशाकडेच लक्ष नव्हतं. तो बायकोच्या हाताकडे बघत होता. ओगराळं सुटल्यावरही तो हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला होता, काही धरल्यासारखा वळलेला. मग मापुलेंगनं तो उघडून रिकामा तळवा पाहिला आणि हात ब्लँकेटात घेतला.